पूजेचा ओंडका

चामराजपुरम, म्हैसूर
नवरात्राची तिसरी माळ

प्रिय चिदंबर,

अक्षर ओळखू येणार नाही तुला. छप्पन्न वर्षांत माणूस ओळखू येत नाही, अक्षर कुठलं यायला! त्यात मी चौतीस वर्षं शाळेत फळ्यावर खडूनं लिहून ते पार बिघडवून ठेवलंय. मी नागरत्ना. नेरळेकट्टेच्या लाकडाच्या मिलमधली, खालच्या ओळीतल्या शेवटच्या घरातली. तरीही ओळख लागत नसेल तर शिक्केवाल्यांची रत्नी म्हण, मग नक्की लागेल. तुम्ही मिल सोडून गेलात त्या दिवशी लॉरीच्या मागच्या बाजूला तू आईच्या शिवणयंत्राला धरून बसला होतास आणि मी चिंचेच्या झाडाआड उभी होते. तू हात केला नाहीस. मीही केला नाही.

हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली. एकात मी फारच शहाणी झाले होते आणि दुसऱ्यात फारच बापुडवाणी. हेही एका बैठकीत होणार नाही, आधीच सांगते. सकाळपासून चार वेळा उठलेय. एकदा कुकर बंद करायला, एकदा तो खरंच बंद केलाय का ते बघायला, आणि दोनदा सुम्ने, उगाच. गच्चीवर जाते, खाली येते, परत जाते. समोरच्या घरातली बाई विचारतेय, काय टीचर, काय हरवलंय? तिला काय सांगू!

तुझं दुकान मला ठाऊक आहे. मेटगळ्ळीत, कारखान्यांच्या रांगेच्या मागे, युनिफॉर्म शिवायचं. गेल्या महिन्याभरात मी तीनदा तिथं आले. पहिल्यांदा बसमधून उतरले, समोरच्या टपरीवर कॉफी घेतली आणि त्याच बसनं परत फिरले. दुसऱ्यांदा तर उतरलेसुद्धा नाही. तिसऱ्यांदाचं पुढं सांगते, कारण त्या तिसऱ्या खेपेमुळंच मी अशी पायाला भिंगरी लावून बसलेय. फोन नंबर पाटीवर मोठा लिहिलायस. पण फोनवर मला हे बोलता येणार नाही. मी पहिल्याच वाक्याला तब्येत विचारीन आणि शेवटच्या वाक्याला पावसाचं बोलेन, मला मी ठाऊक आहे.

आधी पुस्तकाचं सांगते, म्हणजे तुला क्रम लागेल. नरसिंगराव मालकांचा नातू विजयेंद्र बेंगळुरूला असतो. कंपनी सुरू झाली त्याला शंभर वर्षं होताहेत, म्हणून त्याला कंपनीचा इतिहास छापायचाय. दसऱ्यानंतर जुन्या मिलवाल्यांचा मेळावा भरवणार, आणि येईल त्याच्या हातात एकेक प्रत देणार. मी इतिहास शिकवायची आणि त्यात मिलमध्येच वाढलेली, म्हणून काम माझ्या गळ्यात. वर्षभर मी जुनी माणसं गाठत हिंडले. कुणी हुणसूरला, कुणी मडिकेरीला, एक तर कुशालनगरच्या पुढे कॉफीच्या मळ्यात. सगळे आधी रडतात, मग जेवायला वाढतात. एकशे चाळीस पानं झालीत. एकशे एकोणचाळीस पूर्ण आहेत. एका पानावर एक वाक्य अडलंय, शुक्रवारी छापखान्यात द्यायचंय, आणि ते वाक्य तुझ्या बाबांवर आहे.

वाक्य कंपनीच्या जुन्या दप्तरातून आलंय. टाइप केलेला कागद, खाली मॅनेजरची सही. एकोणीसशे एकोणसत्तर साली विजयादशमीला मोठ्या करवतीचा पट्टा तुटून अपघात झाला, करवतीवरचा मिस्त्री कृष्णमूर्ती नशेत होता, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. विजयेंद्र तसा भला मुलगा आहे. म्हणतो, मॅडम, नशेचं काढून टाका, नावही नको, एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे एवढंच लिहा. मी म्हटलं, अरे, मेळाव्याला येणाऱ्यांतल्या कुणाला तो एक कामगार ठाऊक नाही? गळ्यात तुळशीची माळ घालणारा, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारा माणूस, तो नशेत! तेव्हाही कुणाचा विश्वास बसला नव्हता. पण निष्काळजीपणावर बसला. पट्टा काही उगाच तुटत नाही ना.

तुला आपली मिल किती आठवते? तू तेरा वर्षांचा होतास, माझ्यापेक्षा जास्तच आठवत असणार. पण तुझ्या मुलांना काही ठाऊक नसेल, आणि हे पत्र तू त्यांनाही दाखवावंस असं वाटतं, म्हणून लिहिते. मालकांनी कोडगूच्या हद्दीला लागून जंगलाचा ठेका घेतला तेव्हा तिथं रस्तासुद्धा नव्हता. बॉयलर बैलगाड्यांवरून न्यायला बावीस दिवस लागले, आणि एका ओढ्यात तो असा रुतला की शेवटी हत्तीनं ओढून काढला. पहिल्या पावसात हिवतापानं निम्मी माणसं झोपवली. तरी लोक येत राहिले. मलबारचे करवतवाले, तमिळ गाडीवान, जंगलातले कुरुब माहूत, आणि म्हैसूरहून गेलेली आपली आठ मराठी घरं. रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर तिथून गेले, लढाईच्या दिवसांत खोक्यांच्या फळ्या गेल्या. वस्ती सगळी फळ्यांची. घरं फळ्यांची, शाळा फळ्यांची, पत्र्याच्या छपराखाली विठ्ठलाचं देऊळ तेही फळ्यांचंच. चुलीत भुसा, अंथरुणात भुसा, ताकात भुसा. आई म्हणायची, मेल्यावर मला जाळायला लाकूड नको, अंगात आहे तेवढा भुसा पुरेल.

आणि लोखंड नाही. हे मात्र बाहेरच्या कुणाला सांगून पटत नाही, विजयेंद्रलाही पटलं नाही. ओंडक्यांच्या आवारात खिळा न्यायचा नाही. पाटी लावायची ती काथ्यानं बांधून. शिडीचे जोड लाकडी खुंट्यांचे. खिळेवाली चप्पल फाटकाबाहेर काढायची. लाकडात एक खिळा राहिला आणि फिरत्या करवतीला लागला, तर तिचा दातेरी पोलादी पट्टा तुटून चाबकासारखा येतो, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. आपण पोरं एकमेकांना शिवी काय द्यायचो, आठवतं? लाकडातला खिळा.

म्हणून तर अप्पांचं काम. प्रत्येक ओंडका माझे वडील हातानं चाचपायचे, ठोकून आवाज ऐकायचे, आणि निर्धोक वाटला की त्याच्या तोंडावर शिक्क्याच्या हातोडीचा एक घाव घालायचे. गोलात हत्ती, आणि हत्तीच्या पोटाखाली अप्पांच्या नावाचं अक्षर. एका ओंडक्यावर एकच शिक्का, दुसरा कधी नाही. तुझे बाबा शिंपीघराण्यातले, कापडाचा धागा बघणारी नजर त्यांनी लाकडाला लावली. पण कितीही मोठे मिस्त्री झाले तरी करवत सुरू करायच्या आधी ते त्या शिक्क्यावरून तळहात फिरवायचे, मगच खटका ओढायचे. एकदा मी विचारलं, काका, असं का करता? तर म्हणाले होते की देवळातसुद्धा मी आधी उंबऱ्याला हात लावतो.

थांबते जरा. पाणी पिऊन येते.

आले. आता आयुधपूजा. आपल्याकडे नवमीला सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून मांडून ठेवायची, त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. मोठ्या करवतीसमोर ट्रॉलीवर एक ओंडका चढवून ठेवायचे, पूजेचा ओंडका. त्याच्या तोंडाला हळदकुंकू, झेंडूचं तोरण, बाजूला केळीचे खांब. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला मुहूर्तावर पहिली चीर त्याचीच. त्या वर्षी सागाचा ओंडका होता आणि तोरणाचं काम आपल्या दोघांकडे होतं. तुला केळीचे खांब आणायला पाठवलं. मी एकटी राहिले. काकांनी मला काथ्याची गाठ कशी मारायची ते दाखवलं होतं, ओंडक्याला पाठीमागून वेढा देऊन. ती मला जमेना. तोरण सारखं घसरून पडत होतं. शेवटी जमलं एकदाचं, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी सगळे म्हणाले, शिक्केवाल्यांच्या रत्नीनं झकास सजवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते तुला मी सांगायला नको. तू माझ्यापेक्षा जवळ उभा होतास. काकांनी शिक्क्यावरून हात फिरवला, खटका ओढला, ट्रॉली पुढं सरकली. इतका मोठा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. तुझी आई ताटातला पेढा हातात धरून तशीच उभी होती. काकांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. करवतीचं काम गेलं, सुई गेली, आणि एकादशीच्या भजनातला मृदंगही गेला.

चौकशी ऑफिसात झाली, फळ्यांच्या भिंतीपलीकडे. मी भिंतीला कान लावून उभी होते. तुझ्या बाबांना म्हैसूरच्या इस्पितळातून आणून बसवलं होतं, हात गळ्यात. मॅनेजरनं अप्पांना विचारलं, लाकूड तपासलं होतं का? अप्पा म्हणाले, "माझा शिक्का आहे त्यावर." एवढंच. आणि काका, तुझे बाबा, लगेच म्हणाले, "मग पट्टा मीच जास्त ताणला असणार." कुणी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं, चिदंबर. त्यांचा त्या शिक्क्यावर एवढा विश्वास, की त्यांनी स्वतःवर अविश्वास दाखवला. नशेचं मॅनेजरनं मागाहून लिहिलं. शिक्क्याच्या लाकडात खोट निघाली असं रेल्वेच्या कानावर गेलं असतं तर सगळा माल परत आला असता. माणसात खोट निघालेली चालते. आठ दिवसांत तुमची लॉरी निघाली.

त्यानंतर अप्पांनी देवळातल्या भजनाला जाणं सोडलं. आयुधपूजेला ते दरवर्षी काहीतरी काम काढून परगावी जायचे. मला एका शब्दानं कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, कंटाळले असतील. मिल पुढं चौदा वर्षं चालली. मग जंगलतोडीवर बंदी आली, अभयारण्य झालं, करवत भंगारात गेली. वस्तीच्या फळ्या लोकांनी उपसून नेल्या, हुणसूरला कितीतरी तंबाखूच्या वखारींना आपल्या भिंती लागल्यात. आता तिथं कुणाला सोडत नाहीत. पुस्तकासाठी परवानगी काढून मी गेले होते. बॉयलरचा चौथरा आहे, त्यावर हत्ती पाठ घासतात असं गार्ड म्हणाला. देऊळ नाही. चिंच आहे.

आता खरं काय ते. पुस्तकाला फोटो हवेत म्हणून श्रावणात मी घराचा माळा काढला. अप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली लाकडाची चकती सापडली. ओंडक्याचं तोंड, चार बोटं जाडीचं, हातकरवतीनं कापलेलं. त्यावर कुंकवाचा काळा पडलेला डाग, आणि दोन शिक्के. दोन, चिदंबर. एक अप्पांचा, नेहमीसारखा सरळ आणि खोल. दुसरा वाकडा, उथळ, आणि त्याच्या मधोमध, हत्तीच्या पोटात, खिळ्याचं डोकं. बाजूनं करवतीची चीर गेलीय, त्यात खिळा अर्धा तासला जाऊन चकाकतोय, अजून.

तो मी ठोकला होता. काथ्याची गाठ जमत नव्हती, तू येत होतास, तुझ्यासमोर मला हरायचं नव्हतं. घरी विठ्ठलाच्या तसबिरीचा खिळा होता, तो पळत जाऊन उपसून आणला. पूजेत मांडलेली अप्पांची शिक्क्याची हातोडी उचलली, ज्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही त्या दिवशी. तोरण अडकवलं. मग भीती वाटली, खिळा दिसतोय. उपसायला गेले तर निघेना. म्हणून तोरण कसंबसं काथ्यानंच बांधलं आणि खिळा पार आत ठोकला, दिसेनासा होईपर्यंत, आणि वर कुंकू फासलं. बाहेर राहिला असता तर कुणालाही दिसला असता. मी तो लपवला. मिलमध्ये जन्मलेल्या, शिक्केवाल्यांच्या पोरीनं. आणि आरतीच्या वेळी लोकांनी केलेलं कौतुक ऐकत मी सांगायचं विसरले नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी हात फिरवला तेव्हा त्यांच्या तळहाताला दोन शिक्के लागले असतील का, हा विचार मी माळ्यावर बसल्या बसल्या किती वेळ करत होते देव जाणे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की करवत तिथून गेलीच नसेल, खिळा बाजूला राहिला असेल, लाकडातली गाठ लागली असेल. अकरा वर्षांच्या पोरीनं असं म्हणणं ठीक आहे. मी साठीतही तेच म्हणत होते. अप्पांना मात्र पहिल्या क्षणाला कळलं असणार. दुसरा शिक्का त्यांनी मारला नव्हता आणि ती हातोडी उचलण्याची छाती घरात एकीचीच होती. त्यांनी कुणी बघायच्या आत ते तोंड कापून घेतलं, ऑफिसात जाऊन खरं तेच बोलून खोटं सांगितलं, आणि मला वाचवलं. मला राग येतो त्यांचा. आणि रडू येतं. दोन्ही एकदम येतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही, मग मी गच्चीवर जाते.

तरीही मी गप्प बसले असते, बघ. एवढी काही मी थोर नाही. विजयेंद्रचं वाक्य गुळगुळीत करून पुढं सरकले असते. पण तिसऱ्या खेपेला मी तुझ्या दुकानात शिरले, ब्लाऊजपीस घेऊन. तू नव्हतास. तुझी मुलगी असेल, ती म्हणाली, आम्ही ब्लाऊज शिवत नाही. आणि दाराशी खुर्चीत काका बसले होते. मी समजून चालले होते की ते केव्हाच गेले असतील. नव्वदीचे असतील ना? माळ गळ्यात, आणि अंगठा आणि करंगळी एवढ्यात कापडाचा काठ धरून पोत बघत होते. तेवढ्यात एका मुलीच्या मशीनचा पट्टा निसटला. काकांनी तिला जवळ बोलावलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "ताणताना घाई करू नये पोरी. मी केली होती." मग माझ्याकडे वळून, अनोळखी बाई समजून, हात दाखवून हसले. रोज सांगत असतील असं सहज. मला गाव विचारलं. मी म्हटलं, म्हैसूरच. आणि पळाले. ब्लाऊजपीस तिथंच राहिलाय, निळा आहे, बारीक काठाचा.

छप्पन्न वर्षं, चिदंबर. ते नशेत होते असं मॅनेजरनं म्हटलं, ते त्यांनी झटकून टाकलं असेल. पण स्वतःचं स्वतःला म्हटलेलं त्यांनी सोडलेलं नाही, आणि ते मी त्यांच्या गळ्यात घातलेलं आहे.

नवीन पान लिहून सोबत जोडलंय. त्यात माझं नाव आहे, अप्पांचं आहे, खिळा आहे. विजयेंद्रला काल फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, विचार करा. केलाय म्हटलं. हे पान नको असेल तर उरलेली एकशे एकोणचाळीसही देत नाही. पण काकांच्या आधी ते दुसऱ्या कुणी वाचू नये, छापखान्यातल्या माणसानंसुद्धा नाही. म्हणून हे पत्र. काकांना आता वाचता येत नसेल, तर तू मोठ्यानं वाच, घाईनं नको. गुरुवारपर्यंत कळव, छापायचं की नाही ते त्यांनी सांगावं. नको म्हणाले तर ते पान कोरं जाईल, पण जुनं वाक्य जाणार नाही. आयुधपूजेला तुम्ही मशिनींना हार घालाल, त्या सकाळी मी येईन, चकती घेऊन. मला आत घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, तेही त्यांनीच ठरवावं, मला काहीही चालेल. मला माफ करा असं त्यांना सांगू नकोस, ते मी माझ्या तोंडानं सांगीन. तू फक्त एवढंच कर. सगळं वाचायला वेळ नसेल, त्यांना झोप लागत असेल, ऐकू कमी येत असेल, तर बाकी सगळं राहू दे, हे एक वाक्य त्यांच्या कानाशी जाऊन सांग. काका, पट्टा बरोबर ताणला होता.

तुझीच,
शिक्केवाल्यांची रत्नी